भागाबाईचा तांब्या

रहीमने पिशवीतून पितळी तांब्या काढला आणि खाटेवर टेकून बसलेल्या यादवच्या मांडीवर ठेवला.

"घे. कर याची गोष्ट."

दारात उभ्या त्याच्या बायकोचा, कलाबाईचा चेहरा उतरला. "रहीमभाऊ, आता कशाला हे? त्यांच्या जिवाला लागतं हो."

रहीमचं आठवडे बाजारात जुन्या वस्तूंचं दुकान होतं. कुणी हात न लावलेली एखादी चीज, कधी एका काडीचा चष्मा, कधी झाकण हरवलेला पानाचा डबा, तो लूनाला अडकवून पिंप्राळ्याला यायचा आणि दोस्तापुढे टाकायचा. यादव तिच्यावरून गोष्ट लिहायचा. गोष्ट दिवाळी अंकात यायची आणि रहीम ती गिऱ्हाइकांना उभं करून ऐकवायचा. त्या नादात विक्री राहून जायची ती वेगळीच.

पण पोळ्याच्या सुमारास यादवला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. भेटायला येणारे त्याच्याशी तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलत. "नाना, पाणी म्हणा बरं. पा-णी." यादव भिंतीकडे तोंड फिरवायचा. शब्द आत होते, सगळे होते. ओठांपर्यंत येत आणि पांगत. हाताशी उरला होता फक्त एक हुंकार.

"त्याला नसेल करायची तर मी सांगतो गोष्ट," रहीम म्हणाला. त्याने स्टूल ओढलं. "ऐक रे."

तांब्याच्या गळ्याखाली ठोक्यांनी अक्षरं पाडली होती. 'चि. भागाबाईस सप्रेम भेट.' त्याखाली देणाऱ्याचं नाव असणार, पण ते पुसलं गेलं होतं.

"एक होता चोर," रहीमने सुरुवात केली. "त्याने भागाबाईच्या घरातून हा तांब्या चोरला. मग पकडलो जाऊ म्हणून कानस घेतली आणि नाव घासून टाकलं."

यादवच्या कपाळावर आठी चढली. भागाबाईचं नाव तसंच ठेवून चोर दुसऱ्याचं नाव कशाला घासेल?

"तेवढ्यात आला पोलीस. पोलीस कोण? तर चोराचा जुळा भाऊ! दोघे गळ्यात गळे घालून रडले. तेवढ्यात काय झालं? कडाडकन वीज पडली..."

यादवने डोळे मिटले. असली गोष्ट आपल्या घरात, आपल्या खाटेशेजारी बसून कुणी सांगावी? त्याने डावा हात उगारला आणि तांब्यावर आपटला.

"चो... चोर नाही."

कलाबाईने चौकट धरली. रहीमने मात्र मान वर केली नाही. कानात काडी घालत तो म्हणाला, "नाही कसा? नाव काय आपोआप गेलं?"

यादवने त्या जागेवरून अंगठा फिरवला. कानशीचा एक ओरखडा नव्हता. पितळ तिथे गुळगुळीत झालं होतं, तळहातासारखं. तो अंगठा पुन्हा पुन्हा फिरवत राहिला.

"बोट," तो म्हणाला. "भागा... बोट."

"बोट? कसलं बोट? काय बोलतोस?"

"अहो, तिचं बोट!" कलाबाई पुढे आली. "ती नावावरून बोट फिरवायची. होय ना हो? पाणी भरताना?"

"रोज," यादव म्हणाला.

"नाव कुणाचं होतं?" रहीमने विचारलं.

शब्द आला आणि निसटला. यादव थांबला. कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली. कलाबाईला वाटलं, पुरे झालं, पाणी द्यावं. पण रहीमने हळूच हाताने तिला थांबवलं.

"भाऊ," यादव म्हणाला.

"आणि कुठे गेला हा भाऊ?"

"सु... सुरत."

रहीमने मान हलवली. त्या दोघांच्या लहानपणी त्यांच्या एरंडोलकडची कितीतरी पोरं गिरणीत लागायला सुरतेला गेली होती. काहींची पत्रं येत, काहींची येत नसत. त्याने खांद्यावरचा रुमाल घेऊन नाक पुसलं, खाकरला आणि तांब्याकडे हात लांबवला.

"म्हणजे मेला असेल तो तिकडेच. चला, संपली गोष्ट."

यादवने तांब्या पोटाशी धरला. "नाही. ये... येतो."

"येतो कसला? तांब्या मी आणला, गोष्ट पण माझी. मी म्हणतो मेला, म्हणजे मेला!"

"मनी!" यादव ओरडला. "गोष्ट मनी शे!"

एरंडोल सोडल्यापासून यादव घरात, कचेरीत, कागदावर, सगळीकडे छापील मराठीच बोलत आला होता; 'मनी' नाही, 'माझी'. नवऱ्याच्या तोंडून अहिराणी कलाबाईने कधीतरी सासूबाई असताना ऐकली होती, चुलीपाशी, आईशी बोलताना. ती येऊन खाटेच्या कडेला बसली.

रहीमने स्टूल मागे सारलं आणि खाली चटईवर, यादवच्या पायांशी, मांडी घालून बसला.

"तुनी ते तुनी, भो," तो म्हणाला. "मंग सांग. कसा येस तो?"