कॅमेऱ्यावरचे कुंकू

विजयमालाबाईंनी पाटावर उभे राहून ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले, ते नेमके काचेच्या वरच्या भागात, जिथे आतून नव्या गाडीचा कॅमेरा बसवलेला होता.

"आई, जरा खाली काढ ना," निकिता म्हणाली. "तिथून गाडीले समोरचं दिसते."

"मंग तं बरंच झालं. पयले देवी दिसन."

निकिता पुण्याला मोटारींच्या कारखान्यात होती. समोर माणूस आला की गाडी आपणहून थांबावी, या यंत्रणेवर तिचा विभाग काम करीत असे. धूळ, चिखल, धुके, चिरडलेले किडे. काचेवर काय साचले म्हणजे कॅमेरा आंधळा होतो, ते सारे त्यांनी तपासले होते. दसऱ्याचे कुंकू कुणाला सुचले नव्हते. तिलाही नाही, आणि ती तर वाशीमची.

तिने गाडी सुरू केली. समोर पिवळी सूचना उमटली : कॅमेरा झाकलेला आहे, ब्रेक आपोआप लागणार नाही. ती फडके घेऊन उतरली, तोच आईने तिचे मनगट धरले.

"सनाच्या दिवशी कुंकू पुसतं? अन् तेबी तुह्या बापाच्या गाडीवरचं?"

याला उत्तर होते, पण ते देण्याची निकिताला मुभा नव्हती. काचबिंदूने मारोतरावांची डावीकडची नजर आक्रसत चालली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी ते सांगितले तेव्हा बापाजवळ तीच बसली होती. "तुह्या आईले सांगू नको," दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ते म्हणाले होते. "ते मले मंग वांग्याच्या वाफ्यातबी एकटं जाऊ देनार नाई." गाडी चालवणे त्यांनी सोडले नाही. म्हणून तिने ही गाडी घेऊन दिली होती.

"बाबा, मी चालवते."

"पूजेची गाडी पयल्यांदा घरधन्यानं हाका लागते," तिच्याकडे न बघता मारोतराव म्हणाले. "तू लेक हायेस माही, डायवर नाई."

कारंजाला आत्याकडे सोने द्यायला जायचे होते. आपट्याच्या पानांची पिशवी मांडीवर घेऊन विजयमालाबाई मागे बसल्या. मंगरूळपीर मागे पडले आणि रस्त्याची डावी बाजू सोयाबीनने भरू लागली. लोकांनी निम्म्या डांबरावर दाणे वाळत घातले होते. निकिता बापाच्या डावीकडे बसली होती. तिला क्षणभरही मागे टेकवेना. ढीग, दगड, कुत्रे, सायकल, पुन्हा ढीग. ती एकेक टिपत होती, आणि तिचा उजवा पाय खालच्या पायपुसण्यावर रुतत होता.

"निके, काहून पाय दाबून राह्यली?" मागून आई म्हणाली. "ब्रेक काय तुह्याकडं हाये?"

"पुन्याची सवय हाये ते," मारोतराव हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले. "तिकडं पावलोपावली सिग्नल."

पुढे एक बाई पायांनी सोयाबीन फेरत होती. पाठ रस्त्याकडे, दाणे उलथत, एकेक पाऊल मागे येत. दाण्यांची पट्टी संपली तरी ती मागेच येत राहिली.

"बाबा, डावीकडं बाई हाये."

"कुटी?"

"ब्रेक दाबा. बाबा, दाबा."

त्यांनी दाबला. दाण्यांवरून चाके घसरली, गाडी तिरपी झाली आणि बाईच्या पदराला टेकून थांबली. बाई दचकून वळली. बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवून तिने आधी श्वास घेतला.

"दिसत नाई का वो दादा?" ती म्हणाली. "येवढी धिप्पाड बाई हाये मी."

विजयमालाबाईंनी घाईने मागची काच खाली केली. "माफ कर माय. बोलन्यात ध्यान होतं त्याहीचं."

मारोतरावांचे हात स्टिअरिंगवरच होते. "नाई," ते म्हणाले. "ध्यान रस्त्यावरच होतं. ते मले दिसली नाई."

बाई काहीतरी पुटपुटत चाकाखालचे दाणे ओंजळीने गोळा करू लागली. विजयमालाबाईंनी नवऱ्याच्या मानेकडे पाहिले, मग लेकीकडे. लेकीच्या चेहऱ्यावर भीती होती, पण नवल नव्हते.

"तुले मालूम होतं."

निकिताने मान खाली घातली.

विजयमालाबाई उतरल्या. आता त्या काच पुसतील असे वाटून निकिताने फडके पुढे केले. त्यांनी ते पाहिलेही नाही. पुढचे दार उघडून त्या म्हणाल्या, "उतरा."

मारोतराव मुकाट्याने उतरले. त्यांना दंडाला धरून विजयमालाबाईंनी रस्त्याच्या कडेला, कारंजाच्या दिशेला तोंड करून उभे केले.

"समोर पाहा. मान वयवू नका. दिसला का सांगा."

"काय दिसाचं हाये?"

"माहा हात," त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या मागे, डाव्या खांद्याशी उभे राहून त्यांनी हात वर केला आणि तो कानामागून हळूहळू पुढे आणू लागल्या. कारखान्याच्या चाचणी-रस्त्यावर माणसाचा पुतळा असाच कडेने, सावकाश आत आणत. निकिता गाडीला टेकून पाहत राहिली. हात कानाच्या पुढे आला. गालाच्या रेषेत आला. बांगड्या वाजू नयेत म्हणून आईने दुसऱ्या हाताने त्या मनगटावर घट्ट धरल्या होत्या.

मारोतराव आज्ञाधारकपणे समोर पाहत, हात दिसण्याची वाट पाहत उभे होते.