चूर्णाचा गुण

कॅन्सरने माझी बायको कौसल्या गेली त्या दुपारी तिचं अंथरूण काढताना उशीच्या अभ्र्यातून एक पुडी पडली. मी हुंगून पाहिली. एकतीस वर्षं पोलिसात काढली आहेत, गांजाचा वास मला कोणी शिकवायला नको.

आजारी बाईला हे कोणी चारलं, या विचाराने मी घरात आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं. मेहुण्याचे डोळे लाल होते, पण ते रडून. तेरावं होईपर्यंत गप्प राहिलो. मग सुनेला पुडी दाखवली.

"मीच आणली, आबा. तुपात परतून गुळाच्या गोळीत द्यायचे. आईंची हाडं तेवढ्यानेच दुखायची थांबायची."

"दुखणं मी वैद्याकडून आणलेल्या चूर्णाने थांबलं. ती स्वतः म्हणाली होती."

"चूर्ण आई तुळशीत टाकायच्या. म्हणाल्या, यांना कळू देऊ नकोस, पंचनामा केल्याशिवाय जेवायचे नाहीत."

मला हसू आलं नाही. गांजा मोकळा करा म्हणणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या दिल्या. गांजापायी वाया गेलेली पोरं मी पाहिली आहेत, ते खोटं नाही. शेवटचे दोन महिने ती रोज माझ्यासोबत अंगणात बसून चहा प्यायली, तेही खोटं नाही.

"कोणाकडून आणायचीस?"

"मठातल्या गोसाव्याकडून."

त्याला निवृत्तीच्या आदल्या वर्षी गांजा विकताना मीच पकडलं होतं. जामिनावर सुटला, खटला आता उभा राहिला आहे. सोमवारी माझी साक्ष आहे. काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.