काबरी पिल्लं

खुडूक कोंबडीखाली ठेवलेली बदकाची अंडी अठ्ठाविसाव्या दिवशी फुटली. नऊ पिल्लं निघाली. सहा पिवळीधमक, तीन काळपट. धुरपदाबाईनं ती टोपलीत घातली आणि परांड्याच्या तहसीलदारांच्या बंगल्यात ओसरीवर आणून ठेवली. बंगल्यातली बदकं तीच सांभाळायची.

तहसीलदारसाहेब कचेरीला निघाले होते. त्यांनी वाकून टोपलीत पाहिलं. पांढरीशुभ्र बदकं त्यांनी हौसेनं हैदराबादहून आणली होती, आणि नव्या पिल्लांतली एक जोडी वरिष्ठ तालुकदारसाहेबांना द्यायचं कबूल केलं होतं.

"ये काले कहाँ से आए?"

"आपला पांढरा नर थंडीत मेला न्हाय का, सरकार," धुरपदाबाई म्हणाली. "मंग माद्या वढ्यावरच्या काबऱ्या नरासंगं फिरल्या. पिवळी हायती ती पांढरी व्हतील. ही तीन बापावर गेली."

साहेबांनी बुटाच्या टोकानं टोपली बाजूला सारली.

"दोगले हैं. फेंक दो."

ते टांग्यात बसून गेले. घोड्याची घुंगरं ऐकू येईनाशी झाली. धुरपदाबाई काळी पिल्लं वेगळी काढू लागली. आतल्या दाराला बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा होता. त्यामागं बांगड्या वाजल्या, म्हणजे बेगमसाहेब तिथं होत्या. त्या रोजच तिथं बसायच्या. परांड्यात येऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण गावातल्या एकाही बाईनं त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. बोलायच्या त्या मोजकं, आणि उर्दूच. दाणा टाकला का, पाणी बदललं का, एवढंच.

"मावशी, टाकू नगा त्यास्नी."

धुरपदाबाईनं मागं वळून पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं.

"मीच बोलायलेय," पडद्याआडून आवाज आला.

हातातलं पिल्लू धुरपदाबाईनं तसंच धरून ठेवलं. "बेगमसाब, तुमाला आमची बोली येती?"

"माझी आई ढोकीची, हितल्याच मुलखातली. वडील हैदराबादचे. लहानपणी आईसंगं असंच बोलायची मी. लगीन झालं तवा साहेबांनी सांगितलं, घरात ही बोली नको. अकरा वर्सं झाली."

"आन आई?"

"गेली. मला सा महिन्यांनी कळालं."

धुरपदाबाईनं तिन्ही पिल्लं पदरात घेतली. "मी घरी नेते यास्नी. वढ्यावर वाढतील."

"मोठी झाल्यावर कशी दिसतील?"

"काबरी. गळ्याखाली आईचं जरासं पांढरं ऱ्हातं."

"म्हंजी वळखू येत्यात."

"येत्यात की."

ऊन ओसरीवर चढलं. पदरातली पिल्लं वळवळायला लागली, तशी धुरपदाबाई उठली.

"बसा ना जरा. साहेब दुपारशिवाय येत न्हाईत."

"बसते की. पर काय काम हाय?"

"काम काय न्हाय." पडद्याआडून आवाज आला, "काल बाजारला गेल्ता का? काय काय आलंतं, सांगा."

धुरपदाबाई उंबऱ्याशी टेकली आणि सांगू लागली. हरभऱ्याचे डहाळे आले होते. काटेरी वांगी होती, बोरं होती, सोनारी गावच्या कुंभाराची गाडगी होती. ईट गावच्या एका बाईचं बांगड्यांवरून कासाराशी वाजलं. तिनं भरलेल्या बांगड्या तिथंच काढून ठेवल्या, चार पावलं गेली आणि परत येऊन त्याच भरून घेतल्या. तो कासार कसा तोंड फिरवून बसला, ते धुरपदाबाईनं सगळं करून दाखवलं. मधूनच एखादा शब्द पडद्याआडून हलक्या आवाजात परत यायचा. डहाळे. गाडगी.

शेवटी बाजार उठला, गाड्या जुंपल्या, माणसं आपापल्या गावाला गेली.

"झालं बघा," धुरपदाबाई म्हणाली. "आता सांगण्याजोगं काय उरलं न्हाय."

"मंग पुन्यांदा सांगा," बेगमसाहेब म्हणाल्या. "पहिल्यापासनं. सावकाश."