दहावा ग्लास

ग्लास भरला आणि यंत्रमानवाचा हात आपोआप थांबला. थेंबसुद्धा सांडला नाही.

"सात!" विशाखा ओरडली. ओरडायचं काही कारण नव्हतं, मोजायला परीक्षक होतेच. पण आपण बनवलेला यंत्रमानव चिकोडी तालुक्याच्या १९८० सालच्या विज्ञान प्रदर्शनात लोकांना पाणी पाजतोय आणि आपण गप्प बसायचं, हे नववीतल्या विशाखाला जमण्यासारखं नव्हतं.

तेलाचा मोठा डबा हे त्याचं धड. छोटा डबा हे डोकं, त्यात टॉर्चचे दोन बल्ब. हाताला भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर आणि सायकलची ब्रेकवायर. समोर गुडघ्याएवढ्या स्टुलावर ताटली, ताटलीखाली स्प्रिंग. रिकामा ग्लास ठेवला की स्प्रिंग जराशी दबायची, तारा जुळायच्या आणि हातातला पाण्याचा जग वाकायचा. ग्लास भरून जड झाला की स्प्रिंग आणखी दबायची आणि जग सरळ व्हायचा. पाण्याची धार लांबून दिसावी म्हणून विशाखानं जग मुद्दाम उंच बांधला होता. धार जितकी लांब, तितक्या टाळ्या जास्त.

नियम साधा होता. दहा माणसं, दहा ग्लास. मध्ये बनवणाऱ्याचा हात लागला की नंबर गेला. इथं पहिला आला तर बेळगाव, बेळगावात आला तर थेट बेंगळूर. बेंगळूरच्या गाडीत खिडकीची जागा कुणालाही द्यायची नाही, हे विशाखानं ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

"जपानमध्ये मोटारीच्या कारखान्यात असे यंत्रमानव वेल्डिंग करायला लागलेत," बेळगावहून आलेले परीक्षक म्हणाले. "पण समोर काय आलंय ते ओळखायला त्यांना शिकवणं, हे खरं अवघड काम. त्यावरच सध्या संशोधन चाललंय. तुझा निदान ग्लास तरी ओळखतो. शाब्बास."

विशाखाचे पाय जमिनीवर राहिनात.

नववा ग्लास भरत आला तेव्हा दारातून आत्ती आत शिरली. मालुबाई, विशाखाच्या वडिलांची बहीण. विशाखाला लहानाची मोठी केली ती तिनंच. तंबाखूच्या वखारीतली जेवणाची सुट्टी साधून ती धावत आली होती. वखारीत मुकादमाचा आवाज चढला की बाकीच्या बायका आत्तीलाच पुढं करायच्या, आणि मग मुकादमाचा आवाज उतरायचा. तिच्या पदरातल्या तंबाखूनं रांगेतल्या दोघांना शिंका आल्या.

"मावशी, रांगेनं या," एकजण नाक दाबून म्हणाला.

"रांगंतच हाय की. तुमच्या पाठीवर बसू व्हय?"

लोक हसले. आत्तीनं यंत्रमानवाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरगं झ्याक हाय गं तुजं. मान तेवढी लई ताठ."

"दहावी तूच, आत्ती! ये, ये!"

पुढचा माणूस भरलेला ग्लास उचलून बाजूला झाला. आत्ती पुढं आली. रिकामे ग्लास शेजारच्या बाकावर मांडले होते, पण तिनं तिकडं पाहिलंच नाही. तिची नजर वर धरलेल्या जगावर होती. तिथून पडणारी लांब धार तिनं आत्ताच पाहिली होती.

आत्ती उकिडवी बसली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, मान खाली घातली आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाला लावली.

यंत्रमानव हलला नाही. ताटली रिकामी होती.

"अहो मावशी, ग्लास ठेवा की!" मागं हशा पिकला. आत्तीच्या कानावर ते गेलं नसावं. ती तशीच थांबली. बराच वेळ थांबली. मग मान वर न करता म्हणाली, "मला न्हाय देत व्हय?"

रागानं नाही. नवल वाटूनही नाही. मुकादमाला गप्प करणाऱ्या बाईचा असा आवाज विशाखानं जन्मात ऐकला नव्हता.

आत्तीनं ती गोष्ट तिला एकदाच सांगितली होती. लहानपणी, संकेश्वराकडच्या त्यांच्या गावात, आपल्या लोकांनी विहिरीला शिवायचं नाही. लांब उकिडवं बसून वाट बघायची. कुणाला दया आलीच तर तो उंचावरून पाणी ओतणार, भांडं लागू नये इतक्या उंचावरून, आणि आपण ते ओंजळीनं प्यायचं. विशाखानं ते ऐकून घेतलं होतं आणि परीक्षा झाल्यावर इतिहासाचा धडा विसरावा तशी विसरून गेली होती.

विज्ञानाचे सर तिच्या कानाशी लागले. "त्यांना ग्लास ठेवायला सांग. एवढंच. पहिला नंबर तुझाच आहे."

खरंच एवढंच होतं. पण ग्लास ठेवला तरी धार वरूनच पडणार होती आणि आत्ती खालीच बसलेली असणार होती.

विशाखानं यंत्रमानवाच्या हातातून जग ओढून काढला. ब्रेकवायर ताडकन सुटली.

"अगं, हात लावलास!" परीक्षकांचं पेन कागदावरच थांबलं.

"हो, सर. लावला."

तिनं बाकावरचा एक ग्लास काठोकाठ भरला आणि आत्तीपुढं धरला. "ऊठ."

"आगं, तुजा नंबर जाईल की."

"गेला. ऊठ आदी."

आत्ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिनं एकदा रांगेकडं पाहिलं, एकदा विशाखाकडं. ग्लास घेतला आणि उभ्यानंच रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. मग ती यंत्रमानवाच्या समोर, त्याच्या दोन बल्बांत बघत उभी राहिली.

"ह्येला बाकी समदं आलं गं," ती वखारीतल्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तेवढं ऊठ म्हनायला शिकीव."