मागे घेतलेली बातमी

"ही बातमी काढून टाका," उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "घरी फोन थांबंना."

चिंचवड स्टेशनसमोरच्या त्या छोट्या बातम्यांच्या संकेतस्थळाच्या कार्यालयात दुपारी स्वप्नाली एकटीच होती. तिने वाचले : बेपत्ता. गणराज, वय तेवीस, चाकणला कामाला, अंगात कंपनीचा निळा शर्ट. खाली त्याच्या आईचा, म्हणजे उद्धवरावांच्या पत्नीचा, कौशल्याबाईंचा नंबर. बातमी सहा वर्षांपूर्वीची होती. वर लिहिले होते, 'ताजी'.

चूक तिचीच होती. वाचकांच्या ॲप्सना आपोआप बातम्या पुरवणाऱ्या फीडमधून जाणाऱ्या प्रत्येक बातमीला एक कायमची ओळख द्यायची असते; तीच पाहून वाचकांची ॲप्स ठरवतात, ही आधी आलेली की नवी. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवताना तिने त्या ओळखी जपल्या नाहीत. जुन्या बातम्या नव्या ओळखीने, नव्या तारखेने पुन्हा घरोघरी पोचल्या होत्या.

"इथून लगेच काढते, काका. पण जिथे गेली तिथली मला पुसता येत नाही. बातमी मागे घेतली, अशी नोंद फीडमध्ये टाकता येते, एवढंच. काही ॲप्स ती दाखवतात, काही नाही."

उद्धवराव खुर्चीच्या काठावर टेकले.

"आमची ही फोन सोडंना. ज्याला त्याला विचारती, वाळलाय का, पायात चप्पल हाय का. काल एकाचं ऐकून भोसरीपातुर जाऊन आलो. सहा वर्सं झाली, माय. लोकांना अजून तेवीसचाच दिसतोय. त्याच शर्टात."

स्वप्नालीने मान खाली घातली. नोंदीत कारणाची एक ओळ लिहायची सोय होती.

"'सापडला' असं लिहू का? मग तरी लोक फोन करणार नाहीत."

उद्धवरावांनी टेबलावरचा मोबाइल पालथा केला.

"लिवा. खोटं न्हाई ते."

तिने वर पाहिले.

"त्याच आठवड्यात सापडला होता. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात, शवागारात. मी एकलाच गेलतो. एकल्यानंच सगळं उरकलं. घरी आलो, तर ही दारात. म्हनली, लागला का पत्ता? माझ्या तोंडून 'न्हाई' गेलं. मग रोजच न्हाई म्हनत राहिलो."

स्वप्नालीची बोटे कळफलकावर थांबली होती. उद्धवरावांनी हातानेच खूण केली, लिवा. तिने तो एक शब्द लिहिला आणि नोंद पाठवली.

"झालं?"

"झालं, काका."

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. त्यांचा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला. तिने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. ते अर्धे पाणी प्याले असतील नसतील, टेबलावरचा मोबाइल वाजला. त्यांना कमी ऐकू येई; त्यांनी तो सवयीने मोठ्या आवाजावर लावला.

"अवो," कौशल्याबाईंचा आवाज खोलीभर झाला. त्या धावत आल्यासारख्या धापा टाकत होत्या. "शेजारची दिव्या वाचून दावती. मोबाइलवर आलंय, सापडला म्हनून. आत्ताच आलंय."

उद्धवरावांच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

"कुठं हाय, ते लिवलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी बातमीवाल्यांकडंच हाव न्हवं? विचारा की."