उन्हाच्या भिंतीतला माणूस

डिसेंबरात निफाडच्या भास्करराव बोरस्त्यांची पश्चिमेची भिंत ठरल्याप्रमाणे गरम झाली. फक्त बाळंतीण लेकीच्या बाजेजवळ ती बर्फासारखी राहिली, आणि बाज दुसरीकडे मावत नव्हती.

घर बांधताना असल्या सोयीचा विचार नव्हता, म्हणून ऊन साठवणारा गिलावा मागाहून बाहेरून चढवलेला. मे महिन्यात ऊन प्यायचं, थंडीत आत सोडायचं, एवढंच त्याचं काम.

गिलाव्याच्या कंपनीकडून तपासायला आलेल्या तांबोळी मॅडमनी थंड भागाची कड खडूने आखली. डोकं, खांदे, पोट आणि घातलेली मांडी उमटली.

"मे महिन्यात बाहेरून या भिंतीला टेकून कोण बसायचं?"

"हेच. कुरडयांची राखण करायला," इंदूबाई म्हणाल्या.

"एक-दोन दिवस," भास्करराव म्हणाले.

"भिंत पंचवीस दुपारी सांगतेय. मानही कललेली आहे."

"तरीच," इंदूबाई म्हणाल्या, "कुरडया कमी भरल्या म्हणून मी सहा महिने कावळ्यांना शिव्या देतेय."

"पण बाळाचे पाय गार पडलेत," लेक संज्योत म्हणाली. "दुरुस्ती कधी?"

"पुढच्या मे महिन्यात. तोवर ही जागा काहीतरी ऊबदार लावून झाका."

इंदूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

भास्करराव खडूच्या रेघेत पाठ टेकून बसले. माप बरोबर होतं, पोट तेवढं जरा बाहेर गेलं. संज्योतने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. हळूहळू त्याचे पाय कोमट झाले, डोळे मिटले.

त्या दुपारी भास्कररावांनी आयुष्यात पहिल्यांदा जागं राहून राखण केली.