गुलाबाचं पान

दुसरं महायुद्ध जिंकून चार वर्षं झाली तरी इंग्लंडला डॉलर हवेच होते, म्हणून स्टोकच्या चिनी मातीच्या कारखान्यातले फुलाफुलांचे कप थेट अमेरिकेला जात. देशातल्या घरांसाठी नुसते पांढरे. रंगवताना चुकलेला बाद माल तेवढा कामगारांना घरी नेता येई.

उभा जन्म गुलाब रंगवण्यात गेलेल्या विनिफ्रेडचा हात कधी चुकला नव्हता. पण शनिवारी लेकीचं लग्न होतं. तिच्या संसारात सहा तरी गुलाबाचे कप असावेत म्हणून विनिफ्रेडने सहा कपांवर मुद्दाम एकेक पान कमी काढलं.

शुक्रवारी काम सुटल्यावर ती बाद मालाच्या टोपलीपाशी गेली. टोपली रिकामी होती.

"काय शोधतेस गं?" माल तपासणाऱ्या मेबलने विचारलं.

"काही नाही. सहा कप होते."

"ते होय? लग्नाच्या गडबडीत तुझं लक्ष नव्हतं, मी लगेच ओळखलं."

मेबलने तिच्या पाठीवर थाप मारली.



"सहाही पानं मी स्वतः रंगवली, कप भट्टीतून काढून पेटीत भरले, आज बोटीवर गेलेसुद्धा. तुझ्या नावाला बट्टा लागू दिला नाही हो मी."